मंडळी कशी आहे?

२ मार्च, रविवार
चर्चच्या कमिटीने अखेर मला ‘वडील’, म्हणजे वडीलधारा कारभारी केलं. घरात मूलबाळ नाही, पण इथे हा मान मिळाला. पाळकसाहेब म्हणाले, आपल्या चर्चच्या मंडळीचा तोल गेलाय, तुम्ही जरा बघा. बघतोच. उपासना, सहभागिता (एकमेकांत मिसळणं), शिक्षण, आउटरीच (बाहेरच्यांकडे जाणं). प्रत्येकी पंचवीस टक्के. माझा स्वभाव मुळातच संतुलित. हिला सांगितलं. ‘बरं’ म्हणाली.

५ मार्च, बुधवार
उपासनेत गाणी फार. प्रत्येक गीताचं शेवटचं कडवं कापलं. ऑर्गन हीच वाजवते, त्यामुळे विरोधाचा प्रश्नच नाही. तरी म्हणालीच, शेवटच्या कडव्यातच तर दिलासा असतो. म्हटलं, दिलासा सहभागितेत मोडतो. हिने गीतांचं पुस्तक मिटलं.

९ मार्च, रविवार
सहभागिता सुरू! उपासनेनंतर चहा, बिस्किटं आणि चर्चेला विषय. आजचा विषय: मोकळेपणा. सगळे चहात बिस्किटं बुडवत राहिले. मागच्या बाकावरच्या गवंडीकाकांचं बिस्किट कपात पडलं, त्यावर थोडं बोलणं झालं. सुरुवात उत्तम.

१२ मार्च, बुधवार
ही म्हणाली, संध्याकाळी जरा माझ्याजवळ बसाल का, बोलायचंय. बुधवार शिक्षणाचा, म्हणजे माझ्या बायबल-वर्गाचा. म्हटलं, रविवारी चहाला बोल, ती वेळ त्यासाठीच ठेवलीय. ही रडली नाही, भांडली नाही. मलाही काही वाटलं नाही. डोकं असं शांत हवं.
वर्गाला मंडळीतल्या नर्सबाई तेवढ्या आल्या, ड्यूटीवरून थेट. बसल्या बसल्या झोपल्या. मी शिकवत राहिलो.

१६ मार्च, रविवार
पाळकसाहेब जुन्या वळणाचे. फाटकाशी गाठून हळूच विचारलं, मंडळी कशी आहे? म्हटलं, थंड पडलीय. उत्साह म्हणून नाही. खरं सांगू का, म्हातारी होत चाललीय. पण चार नवी माणसं आणली की बघा कशी तरतरी येते! साहेबांचा चेहराच पडला. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, असं बोलू नये हो. भला माणूस, पण सुधारणा झेपत नाहीत.

२० मार्च, गुरुवार
आउटरीचची तयारी. एकट्या पडलेल्या माणसांकडे जोडीने जायचं. पहिलं वाक्य मीच बसवून दिलं: ‘घरी कोण कोण असतं?’ गवंडीकाकांची गाडी ‘कोण कोण’वर अडायची. घोकून घेतलं. दुसरं वाक्य पुढच्या गुरुवारी.
घरी आलो तर ही अंधारात बसलेली. दिवा लावला आणि जेवलो.

२२ मार्च, शनिवार
मेव्हणा गाडी घेऊन आला. ही म्हणाली, दादाकडे जाते. परत कधी, ते विचारायचं राहिलं, कारण हिच्या बॅगेत चर्चची पत्रकं कोंबायची होती. माहेर आउटरीचमध्ये धरता येईल. निघताना ऑर्गनची किल्ली माझ्या हातात दिली. जबाबदार बाई. मेव्हणा माझ्याशी बोलला नाही. घाईत असेल.

२३ मार्च, रविवार
ऑर्गन बंद. लोकांनी गीतं तशीच म्हटली, शेवटच्या कडव्यासकट. चहाला मी विषय दिला नाही तर भरपूर बोलले. मी जवळ गेलो की गप्प.
पाळकसाहेबांनी विचारलं, मंडळी कुठे आहे? मी हॉलकडे बोट दाखवलं. ते ऑर्गनपुढच्या रिकाम्या स्टुलाकडे बघत राहिले. तेव्हा कुठे उजेड पडला. मागच्या रविवारीही ते हिचंच विचारत होते. आणि मी काय काय बोललो!
दुपारी फोन केला. मेव्हण्याने उचलला. झोपलीय म्हणाला.

२७ मार्च, गुरुवार
दुसरं वाक्य सुचलं नाही. तयारीला गेलोच नाही. फोन पुन्हा केला. झोपलीय.

३० मार्च, रविवार, संध्याकाळ
उपासनेला गेलो नाही. दाढीही केली नाही. दार वाजलं. गवंडीकाका आणि नर्सबाई, जोडीने, हातात बिस्किटांचा पुडा. काका खाकरले आणि छताकडे बघत म्हणाले, घरी कोण कोण असतं? कुठेही अडखळले नाहीत.
मी ‘मंडळी’ म्हटलं आणि दाराला टेकलो. इतके दिवस काही वाटत नव्हतं, आज रडू आलं. दुसरं वाक्य मी शिकवलंच नव्हतं, त्यामुळे काकाही नुसते उभे.
शेवटी नर्सबाई आत गेल्या, चहा ठेवला. साखर कुठे असते, म्हणून हाक मारून विचारलं.
मला माहीत नव्हतं.