बुरशी लागली म्हणू नये

सर,

पेठच्या डोंगरातून तुम्ही आणलेली रानातली आमरी, ते जमिनीत उगवणारं ऑर्किड, अजून कॉलेजच्या मागच्या शेडमध्ये, त्याच कुंड्यांत आहे. तुमच्या माघारी ती सांभाळते. तिचा सगळा प्रोजेक्ट त्या झाडांवरच आहे. ती म्हणजे कोण, आणि माझा जीव कुणात अडकलाय, हे तुम्हाला तेव्हा वर्गातच कळलं होतं. मी कॉलेज मधेच सोडलं, सायखेड्याला मामाच्या शेती-औषधांच्या दुकानात बसतो. काल कित्येक महिन्यांनी तिचा फोन आला. "सगळी पानं पिवळी पडलीत रे. नव्या मॅडम म्हणतात, मुळांना बुरशी लागलीय. तुमच्याकडचं एखादं जालीम औषध आण, आजच ओतायचंय."

बुरशी लागली. पहिल्या प्रॅक्टिकलला मीही हेच ओरडलो होतो. ह्याच आमरीचं मूळ धुऊन कापलं, सूक्ष्मदर्शकाखाली धरलं, तर पेशींच्या आत धाग्यांचा गुंता. "सर, बुरशी लागलीय, फेकू का?" तुम्ही मनगटच धरलंत. "तुम्ही द्राक्षवाले! बुरशी दिसली की फवारणीचा पंप आठवतो. लागते ती भाकरीला. इथं ती राहते. झाडाची तक्रार नाही, तुझी का?" वर्ग हसला, तीसुद्धा. मी कितीतरी दिवस तुमच्याशी बोललो नाही.

फोनवर मी म्हणालो, "ओतू नको. दसऱ्यानंतर आमरी पिवळी पडतेच. वरचं वाळतं, खाली कंद जिवंत असतो. औषधानं मुळातली, झाडाला पोसणारी बुरशी तेवढी मरेल." ती भडकली. "कॉलेज सोडलेल्यानं मला शिकवू नये. आणतोस, की दुसऱ्याला सांगू?" दुसरा कोण, ते मला माहीत आहे. बाटली डिकीत टाकली आणि गाडी पिटाळली.

शेडमध्ये ती बादली भरून उभी. हात पुढे. मी बाटली देत नाही. "आधी एक कुंडी उकर."

"आणि कंद सडका निघाला म्हणजे?"

"मग मीच ओततो सगळीकडे."

ती बोटांनी माती उकरते आहे, मी बाटली धरून बघतो आहे. कंद लागतो. ती दाबून बघते. टणक. पुन्हा दाबते. मग माती सारखी करते, बादली बाहेर ओतून देते आणि मॅडमना फोन लावत निघून जाते. मला चहाचंही विचारत नाही.

झाडं वाचली, सर. पण ती उकरत होती तेव्हा मला वाटलं, कंद सडकाच निघावा. ती रडली असती, आणि जवळ मी एकटाच असतो. तुम्ही असता, तर हे तुम्हाला लिहिलं नसतं.