निशांतच्या गुडघ्याविषयी सुगंधाआत्यास

सोहार (ओमान), मंगळवार

तीर्थरूप सुगंधाआत्यास,

रविकांतचा साष्टांग नमस्कार. तुमची पाठ, आतोबांचा खोकला आणि नव्या गाईचा स्वभाव, तिन्ही सुधारले असतील असे धरून चालतो. (फोनवर तुम्ही मला वाक्य पुरे करू देत नाही, म्हणून पत्र.)

आधी ताजी बातमी. निशांतचा गुडघा बरा झाला. हे मी म्हणत नाही; फिजिओथेरपिस्ट मेहविशबाईंनी काल लेखी दिले. त्यांनी त्याला एका पायावर वीस उड्या मारायला लावल्या आणि गुडघ्याला पट्टा बांधून कबड्डी खेळायला हरकत नाही, असे सही-शिक्क्यानिशी लिहिले. तरी काळजी नसावी. पाच महिन्यांपूर्वी गुडघा निसटला तेव्हा, पुन्हा मैदानात उतरलास तर माझी शपथ, असे तुम्ही त्याला म्हणालात. ती शपथ तो पाळतो आहे. त्याने ती पाळावी म्हणून तुम्ही मला नेमलेत, तेही काम चालू आहे.

अडचण इथल्या लोकांची आहे. तुमचा मुलगा कारखान्यात क्रेन चालवतो हे फार थोड्यांना माहीत आहे. चढाईला जाणारा निशांत सगळ्यांना माहीत आहे. परवा न्हाव्याने वस्तरा माझ्या गळ्यावर ठेवून विचारले, पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी निझव्याच्या संघाविरुद्ध फायनल आहे, तो खेळणार ना? अशा वेळी माणूस नाही कसे म्हणणार?

त्यात आमच्या संघाला प्रशिक्षक दोन. बदरुद्दीनचाचा, रत्नागिरीचे, बाजारात कापडाचे दुकान आहे; ते चढाईचे प्रत्येक पाऊल रेषेबाहेरून ओरडून सांगतात. दुसरे फोरमन रामकृष्ण. त्यांचे मत असे, की खेळाडू मैदानात गेला की गुरूने तोंड मिटावे. कोण बरोबर, यावर गेल्या गुरुवारपर्यंत चहाच्या टपरीवर रोज मतदान होत असे.

मग उपांत्य सामना झाला. हंगामभर समोर पंजाबी, हरयाणवी, तमिळ संघ होते, त्यामुळे चाचा सगळे डावपेच उघड मराठीत ओरडत आणि कुणाला काही कळत नसे. यामुळे चाचा स्वतःला मोठे मुत्सद्दी समजू लागले होते. उपांत्य सामन्याला इब्र्याचा संघ आला. सातही जण दापोली तालुक्यातले. नाणेफेकीच्या वेळी हे कळले नाही, कारण आम्ही सवयीने त्यांच्याशी हिंदीत बोललो आणि त्यांनीही आमच्याशी हिंदीतच. चाचा आमच्या चढाईपटूला ओरडले, की नुमान, उजवीकडून बोनस घे, तर त्यांचा माणूस नुमानच्या आधीच तिथे हात पसरून उभा. मध्यंतराला आम्ही नऊ गुणांनी मागे. त्यांचा कर्णधार पाणी पिता पिता म्हणाला, "चाचा, जरा हळू सांगा. आम्हाला ऐकू येतंय."

उत्तरार्ध रामकृष्णांकडे दिला. ते गप्प बसले. पण हुकमाची सवय लागलेली आमची मुले समोरच्या अंगणात जाऊन रेषेबाहेर बघत राहिली. एकामागून एक तिघांचे चढाईचे तीस सेकंद तसेच संपले आणि तिघेही बाद. चाचा रामकृष्णांवर तुटून पडले (यावेळी हिंदीत, गुप्तता म्हणून). निशांतने उठू नये म्हणून मी प्रेक्षकांत त्याच्या गुडघ्याचा पट्टा धरून बसलो होतो. तो उठला, पट्टा माझ्या हातात राहिला. रेषेबाहेरूनच नुमानला गाठून एवढेच म्हणाला, "त्या दोघांचं सोड. समोरच्याचे फक्त पाय बघ. तो हलायच्या आधी टाच उचलतो."

आत्या, नुमानने पाय बघितले आणि आम्ही एका गुणाने जिंकलो. चाचा म्हणतात, त्यांच्या पूर्वार्धातल्या सूचना उशिरा लागू पडल्या. रामकृष्ण म्हणतात, मौनाचा प्रभाव. निशांतला मी विचारले, हे टाचेचे कुठे शिकलास? म्हणाला, आईकडून. लग्नाआधी ती खळ्यात खेळायची, अख्ख्या वाडीत तिला कुणी पकडलं नव्हतं.

आता दोन्ही प्रशिक्षकांचे एकाच गोष्टीवर एकमत आहे. कशावर, ते तुम्ही ओळखलेच असेल. आतोबांना नमस्कार.

तुमचा आज्ञेत राहणारा,
रविकांत

ता. क. : निशांत मैदानात उतरलेला नाही हे अक्षरशः खरे आहे. तो गेले तीन आठवडे आमच्या गच्चीवर खेळतो. पकडायला मी असतो. त्याचा गुडघा ठणठणीत आहे, माझे कोपर सोलले आहेत.

ता. क. दुसरा : तो हट्टी आहे, तुमच्यावर गेला आहे. शपथ घालणाऱ्याने 'सुटली' म्हटल्याशिवाय मैदानात पाऊल टाकणार नाही म्हणतो. तेव्हा तेवढे म्हणावे. एकच शब्द आहे.

ता. क. तिसरा : पत्र घेऊन आलेला यासिर ओटीवर बसला असेल. तुमच्या तोंडून तो शब्द निशांतला फोनवर ऐकवल्याशिवाय उठायचे नाही, असे त्याला सांगितले आहे. तो आमचा उजवा कोपरा सांभाळतो आणि त्याचे परतीचे विमान सामन्याच्या आदल्या दिवशीचे, गुरुवारचे आहे. त्याला फार वेळ बसवू नये. सामना शुक्रवारी चारला सुरू होईल, तुमच्याकडे साडेपाच. चाचांनी पंचांकडे सात नावे देऊनही टाकली आहेत. पहिले निशांतचे आहे.