कशेळीच्या खाडीवरचा उतार कुणाचा

मी, हिरामण केसरीनाथ तरे, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार कशेळी, तालुका भिवंडी, पूर्ण शुद्धीत, कुणाचंही न ऐकता हे लिहून ठेवतो. ऐकायची सवय मला पूर्वीही नव्हती.

१. राहतं घर मुलगा मितेश आणि सून क्षितिजा यांना समसमान.

२. आजोबांनी खाडीकाठी गलबतांचा कारखाना काढला. वडिलांच्या वेळी मचवे झाले, माझ्या वेळी रेतीच्या होड्या. मग पूल झाले, ट्रक आले, सुतार एकेक करून नारपोलीला पॉवरलूमवर ड्युटीला गेले. त्याचा राग नाही. पोट कुणाला चुकलंय?

राग पुढच्याचा आहे. आमच्यात साग खाडीच्या चिखलात पुरून मुरवतात. बाप पुरतो, मुलगा काढतो. मितेश जन्मला तेव्हा मी त्याच्यासाठी ओंडके पुरले, पुढे ती जागाही त्याच्या नावे केली. मागल्या वर्षी मी इस्पितळात असताना त्याने तिथेच डेब्रिज ओतून गोडाऊन उठवलं. कागदावर जागेचं वर्णन काय, तर 'पडीक'! जिथे तीन पिढ्या होड्या जन्मल्या, ती पडीक?

विचारलं तर म्हणतो, "बाबा, होरी आता कोन घेतंय? गोडाऊनला पार्टी तयार हाय."

"अरे, ओंडके तरी काढायचे होतेस!"

"मना वाटला, कुजले असतील."

चिखलातला साग कुजतो? तरेंच्या घरात हे ऐकायला मी जगलो! ते गोडाऊन, खालच्या सागासकट, त्याला लखलाभ.

३. वाकस, पटाशा, करवती धाकटी बहीण हौसा हिला. ती मासेमारीची होडी अजून स्वतः दुरुस्त करते. वडिलांनी हत्यारं तिलाच द्यायला हवी होती, असं ती लग्नापासून ऐकवते. बरोबर म्हणते.

४. माझी शाळेतली कवितांची पुस्तकं क्षितिजाला. होडी पाण्यात लोटताना मी नाळेवर, म्हणजे तिच्या पुढच्या टोकावर, उभा राहून कविता म्हणे. सुतार हसत, पण शेवटचं कडवं संपेपर्यंत दोर सोडत नसत. सूनबाईंनी चालीवर म्हणावी, पुटपुटू नये.

५. राहिला होड्या लोटायचा उतार. खाडीला लागून एवढंच मोकळं उरलं आहे, आणि मितेशला तिथे ट्रक उभे करायचेत. ही माझ्या कमाईची जमीन, ती हौसाला. तिची होडी रोज तिथेच लागते.

हौसा म्हणाली, "मना कशाला रं, दादा? भाच्याशी भांडन लावतंस माजं?"

मी म्हटलं, "हो."

हे साक्षीदारांपुढे मोठ्याने वाचून होईपर्यंत मितेश दारात येऊन उभा होता. म्हणाला, "बाबा, उतार माझ्या नावावर करा. शप्पथ, भराव न्हाय टाकनार."

क्षितिजाने त्याच्याकडे पाहिलं, आणि सहीसाठी पेन माझ्यापुढे सरकवलं.

सही: हिरामण केसरीनाथ तरे
समक्ष साक्षीदार: नामा भोईर, किशन केणी
कशेळी, २ फेब्रुवारी २०२५