मारियाहिल्फरचा रस्ता

४ फेब्रुवारी १९३२, डोणगाव

व्हिएन्नाहून यांचं पत्र! चार पानं. त्यात डोळ्यांच्या डॉक्टरकीबद्दल दोन ओळी, माझ्याबद्दल एक — ‘प्रकृतीस जपावे.’ बाकी सगळा तो मारियाहिल्फरचा रस्ता. दोन्ही अंगांना चार-चार मजली दुकानं, मधून विजेची ट्राम, काचेआड झगे घालून उभ्या लाकडी बायका. त्या लाकडी बायकांना अर्धं पान!

सासूबाईंना वाचून दाखवलं. म्हणाल्या, "तिथच्या लोकायले घरी काही कामधंदा नाही काय वो?"

९ फेब्रुवारी

गावात आता व्हिएन्नाची जाणकार मीच — जिनं अकोल्यापलीकडची आगगाडी पाहिली नाही! शेजारच्या खुर्शीदाला ऐटीत सांगितलं, तिकडच्या बायका ट्राममधून कशा टुणकन उतरतात. ती म्हणाली, "उतर के बताओ ना, भाभी!" शेतावर जाताना दमणीतून उतरून दाखवलं. बैल थांबले नव्हते.

१० फेब्रुवारी

घोटा सुजला. हळदीचा लेप. खुर्शीदा अजून हसतेय.

२ मार्च

दुसरं पत्र. पुन्हा रस्ताच! पहाटेची पहिली ट्राम कितीला, रात्रीची शेवटची कितीला, समोरचा दुकानदार काच कशी पुसतो... या माणसाला शिकायला वेळ कधी मिळतो? तसंच उत्तरात विचारलं — ‘आपण डोळ्यांचा अभ्यास करता, की नुसते डोळे फिरवता?’ वाक्यावर फार खूश झाले. दोनदा वाचलं, मग टपालात टाकलं.

३० मार्च

तिथले यांचे सोबती शेषराव, त्यांचं पत्र आलं, मामंजींच्या नावे. मामंजींनी वाचलं आणि माझ्या हाती दिलं.

दिवाळीपासून हे इस्पितळात आहेत. छातीचं दुखणं. ‘घरी कळवू नकोस’ म्हणून शेषरावांना शपथ घातली होती. आता सुटी मिळेल, पण एकट्यानं प्रवास झेपणार नाही. शेषरावांची परीक्षा आहे.

खाट खिडकीपाशी, खिडकीखाली तो रस्ता. इतक्या महिन्यांत त्यावर यांचं पाऊल पडलेलं नाही.

आणि माझं ते वाक्य एव्हाना पोचलं असेल. किती हुशार मी!

३१ मार्च

सकाळी सासूबाईंनी यांची जुनी ट्रंक माझ्यापुढे आणून ठेवली. "मले त्यायची बोली येत नाही. तू जाय. माह्या पोराले घेऊन ये."

मलाही येत नाही, हे ओठांवर आलं होतं. म्हणाले, "जाते."