बासष्ट मणी

वाघोली,
गौरी आवाहनाचा दिवस, सकाळ

प्रिय पुष्कर,

एकाच घरात राहणारी आई पत्र लिहिते म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे तू पाकीट बघूनच ओळखशील. बिनसलेलं आहेच. पण ते दहा महिन्यांपूर्वी बिनसलं आणि तुला त्याचा पत्ता नाही, म्हणून हा कागद. समोर बसून सांगायला लागले की तू माझा हात धरतोस, "आई, शांत हो, आधी पाणी पी" म्हणतोस, आणि पाणी पिऊन होईपर्यंत माझा धीर संपतो. आत्ता तू आणि अवनी गौरींसाठी फुलं-पत्री आणायला गेला आहात, तेजस क्लासला गेलाय. तासभर मला कोणी "काय करताय?" म्हणून विचारणार नाही. या अकराव्या मजल्यावर एवढं मोकळं क्वचित मिळतं, तेव्हा लिहून घेते.

माझं दागिन्यांचं वेड तुम्हा सगळ्यांच्या थट्टेचा विषय. पण ते लागलं कसं, हे तुला कधी सांगितलं नाही. लग्नात माझ्या अंगावर जे काही होतं ते सगळं थोरल्या जाऊबाईंचं. सत्यनारायण झाला, त्याच संध्याकाळी ते परत त्यांच्या कपाटात गेलं. मी मोकळ्या गळ्यानं पानं वाढली. पण कचेरीत नोकरी लागली तेव्हा मनाशी ठरवलं, की कोणी परत मागणार नाही असं काहीतरी माझ्या गळ्यात पडलंच पाहिजे. एकदम मोहनमाळ करण्याची आमची ऐपत नव्हती. मग दर गुरुपुष्याला कचेरी सुटली की मी रविवार पेठेतल्या सराफाकडे जायचे आणि सोन्याचे दोन मणी घ्यायचे. दोनच. तो म्हातारा अस्सल पुणेरी. "बाई, या वेगानं माळ तुमच्या सुनेच्याच गळ्यात पडेल," म्हणाला होता. अकरा वर्षं लागली. बासष्ट मणी झाले. मध्ये म्हातारा गेला आणि त्याचा मुलगा गादीवर बसला, त्यामुळे शेवटचे वीस-बावीस मणी किंचित बारीक आहेत. ओवताना पटवेकऱ्यानं नाक मुरडलं, पण मी म्हटलं, असू दे. तो फरक डोळ्यांना दिसत नाही, बोटांना कळतो. आज इतक्या वर्षांनीही मी अंधारात सांगू शकते, की इथपर्यंत बापाचे आणि इथून मुलाचे.

जमवण्यात मी जेवढी हुशार तेवढीच हरवण्यात. एक कुडी सारसबागेत पडली, तुझे बाबा बॅटरी घेऊन हिरवळीवर रांगले आणि हात हलवत परत आले. अंगठी कणकेत गेली ती तुझ्या आत्याच्या दाताखाली आली, तेही पुरणपोळीत, चार पाहुण्यांदेखत. "कुसुमच्या दागिन्यांना पाय आहेत," असं तुझे बाबा म्हणायचे आणि पुन्हा शोधायला लागायचे. ते गेल्यावर शोधणारं कोणी राहिलं नाही. लोकांना वाटलं आता ही अंगावरचं उतरवेल. मी नाही उतरवलं. नंदा शेजारीण एकदा आडून म्हणाली, की आता कोणासाठी घालायचं. मी म्हटलं, पूर्वी तरी कोणासाठी घालत होते?

मग गेल्या वर्षी ते दुधाचं झालं. सहकारनगरच्या घरी मी गॅसवर दूध ठेवून खाली भाजीला गेले, नंदाला वास आला, कुलूप फोडावं लागलं. तू धावत आलास. रागावला नाहीस, तेच वाईट झालं. हळू आवाजात म्हणालास, "आई, अजून एकदा असं काही विसरलीस ना, तर मी तुझं ऐकणार नाही. वाघोलीला यायचं. आणि आधी डॉक्टरांकडे जायचं." त्या दिवसापासून मी माझ्याच घरात परीक्षेला बसल्यासारखी राहायला लागले. गॅस बंद केला की तीनदा बघायचे. किल्ली, चष्मा, वीजबिल, सगळं पाठ करायचे.

तुळशीच्या लग्नानंतर एका लग्नाला जायचं म्हणून मी मोहनमाळ काढायला गेले आणि ती नव्हती. कपाटात नाही, देवघरात नाही, डाळीच्या डब्यात नाही. तीन दिवस घर पालथं घातलं. शेवटची कधी घातली होती तेही आठवेना, आणि त्या न आठवण्याची मला माळेपेक्षा जास्त भीती वाटली. चौथ्या दिवशी तुझा व्हिडिओ कॉल आला. "आई, गळा मोकळा कसा?" तू सहज विचारलंस. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अरे, सकाळी फिरायला गेले तेव्हा ओढून नेली. दोघं होते, मोटरसायकलवर."

हो, पुष्कर. तसं काही झालंच नव्हतं. कोणीही माझी माळ ओढली नाही. विसराळू म्हणवून घेण्यापेक्षा चोर बरा, असं मला वाटलं. चोरी झाली तर त्यात आपला काही दोष नसतो ना.

पुढचं तुला माहीत आहे, फक्त माझ्या बाजूनं माहीत नाही. तू तासाभरात आलास, मला चौकीत घेऊन गेलास, आणि मी खुर्चीवर बसून काळी गाडी, लाल शर्ट, हेल्मेट असं सगळं रचत गेले. घरी आल्यावर नंदानं माझ्या मानेला हळद लावली. मानेवर ओरखडासुद्धा नव्हता, तरी ती "सुजलंय हो" म्हणाली. आणि त्याच संध्याकाळी तू माझी बॅग भरलीस. "चारच दिवस आई, तुला भीती बसली असेल." ज्या घरात राहता यावं म्हणून मी खोटं बोलले, ते घर त्या खोट्यानंच सुटलं. चार दिवसांचे दहा महिने झाले.

तुम्ही दोघं वाईट वागलात असं मी मेल्यावरही म्हणणार नाही. अवनी मला गरम गरम वाढते. पण मी खाली उतरले की गेटवरचा माणूस आधी तिला फोन लावतो, "मॅडम, आजी निघाल्यात, सोडू का?" सोडू का! बागेत तीन फेऱ्या मारायच्या त्याही तेजसबरोबर. बिचारा मोबाइल बघत माझ्यामागे चालतो. कोणावर ओरडायचीही सोय नाही, कारण सगळं माझ्या काळजीपोटी चाललंय, आणि त्या काळजीला कारण मीच पुरवलंय. रोज सकाळी ठरवायचे की आज तुला खरं सांगायचं. मग तू विचारायचास, "झोप लागली ना? स्वप्नं नाही ना पडत?" आणि मी म्हणायचे, लागली.

फाल्गुनात चौकीतून फोन आला, टोळी पकडली, माल मिळालाय, ओळखायला या. तुझा चेहरा काय फुलला होता! टेबलावर कापड अंथरून दागिने मांडले होते. त्यात एक मोहनमाळ होती. बाकावर एक बाई बसली होती, आठवते? हिरवं लुगडं, कपाळावर मोठं कुंकू. वेणूबाई तिचं नाव. मार्केट यार्डात कोथिंबीर-मेथी विकते. तिचीही माळ पहाटे यार्डाच्या रस्त्यावर ओढली होती. ती हवालदाराला सांगत होती, "साहेब, माज्या माळंचे मणी एकसारखे हायत, हात लावून बगा." त्यानं विचारलं, "मावशी, फोटो आहे? पावती?" तिच्याकडे काहीच नव्हतं. तुझ्याकडे तेजसच्या मुंजीतला माझा फोटो होता. हवालदारानं माळ माझ्या हातात दिली. मी बोटांनी चाळली. पहिल्या मण्यापासून शेवटच्या मण्यापर्यंत सगळे एकसारखे. बापाचे नाहीत, मुलाचे नाहीत. आणि मी म्हटलं, "हो, माझीच."

का म्हटलं, ते या सहा महिन्यांत मी स्वतःला फार वेळा विचारलं. नाही म्हटलं असतं तरी काही बिघडलं नसतं. तू इतका खूश होतास, हे एक कारण. माळ मिळाली म्हणजे भीती संपली, आता आईला घरी सोडू, असं तू म्हणशील अशी आशा, हे दुसरं. आणि तिसरं सांगायची लाज वाटते, पण सांगते. ती माळ फार सुंदर होती. माझ्या माळेपेक्षा सुबक. हातात आली आणि मला ती सोडवेना. वेणूबाई उठली, माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "तुमची घावली ना आजी? बरं झालं. माजी बी घावंल." माझ्या पाठीवरून हात फिरवून गेली. त्यानंतर कागद झाले, सह्या झाल्या, आणि तू मला परत वाघोलीलाच आणलंस. तेव्हापासून ती माळ रोज माझ्या गळ्यात असते. अवनी म्हणते, आई, किती शोभते तुम्हाला.

काल दुपारी मी, तू सणासाठी सहकारनगरहून आणलेली गौरींची पेटी उघडली. अवनी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होती. गेल्या वर्षी सहकारनगरला गौरी उठल्यावर मी एकटीनंच आवरलं होतं. दरवर्षीसारखे माझेच दागिने ज्येष्ठेला घातले होते. मुखवटे मी तुझ्या बाबांच्या जुन्या उपरण्यात गुंडाळून ठेवते. उपरणं सोडलं, ज्येष्ठेचा मुखवटा उचलला, तर आतल्या पोकळीत रुमालाची पुरचुंडी. नीट, दोन गाठी मारलेली. त्यात माझी मोहनमाळ. हरवू नये म्हणून मीच ठेवली असणार. गाठीही माझ्याच हातच्या आहेत. पण मला ते ठेवताना आठवत नाही, पुष्कर. काल रात्रभर आठवून बघितलं. रुमाल आठवतो, पेटी आठवते, मध्ये काहीच नाही.

आता हे पत्र का, ते सांगते. मी चौकीत निघाले आहे, एकटी. दोन्ही माळा पर्समध्ये आहेत. एक वेणूबाईला द्यायची, दुसरी दाखवायची, म्हणजे त्यांचा विश्वास बसेल. खोटी तक्रार केली म्हणून काय करायचं असेल ते करतील. गेटवरचा माणूस अवनीला फोन करेल. करू दे, मी थांबणार नाही. वाघोलीहून स्वारगेटची बस, तिथून रिक्षा. चिठ्ठीवर सगळं लिहून घेतलंय, तुझा नंबरही. तुमच्या येण्याची वाट बघितली असती तर तू म्हणाला असतास, सण होऊ दे, मग बघू, मी बोलतो त्यांच्याशी. तू चांगला आहेस, तू सगळं निस्तरलं असतंस, आणि ती बाई आणखी एक सण मोकळ्या गळ्यानं गेली असती. मोकळा गळा काय असतो, ते मला माहीत आहे. परत आल्यावर मला डॉक्टरांकडे ने. सहकारनगरच्या घराची किल्ली मी तुझ्या टेबलावर ठेवली आहे, ती आता तुझ्याकडेच असू दे. मी मागणार नाही. माझी माळ कोणी नेली नव्हती, पुष्कर. मी विसरले होते. एवढे तीन शब्द मला दहा महिन्यांत म्हणता आले नाहीत.

तुझीच,
आई