एकाच अंगाला रेघ

इंदापूर, ८ जानेवारी २०२४

ती. बुद्धघोषदादास,
धाकट्या रश्मीचा सविनय जयभीम वि. वि. फोनवर मी रडते, तू ओरडतोस, म्हणून हे लिहून बारामतीच्या एस.टी.च्या ड्रायव्हरजवळ देते.

योगिनीचे पाय आखडत चाललेत रे. आजारातनं पोरगी वाचली, पण टाचा वर उचलल्यात त्या भुईला लागंनात. डॉक्टर म्हणाले, चौकटीत बांधून रोज उभी करा, न्हायतर पुढं उभी राहणं अवघड हाय. पुण्याहून आणलेली चौकट तिला मोठी होते, पोरगी आत नुसती लोंबकळते. तू बाभळीच्या ओंडक्याच्या फळ्या काढून घरीच बनवतो म्हणालास, त्याचं काय झालं? मामा हायस ना तिचा? मग हाल की जागचा! मला घास गोड लागत न्हाय.

आईला जयभीम. लोभ हायच, त्यात जरा घाई मिसळ.
तुझी रश्मी

सांगवी, ११ जानेवारी

चि. रश्मीस,
अनेक आशीर्वाद. शिव्या पोचल्या.

तुला तोंड दाखवायची सोय न्हाय राहिली. जाड लाकूड चिरायचं तर चारी अंगांनी रेघ मारायची, थोडं चिरून ओंडका पालटत जायचं. मी गडबडीत एकाच अंगाला रेघ मारली. वरनं करवत सरळ दिसत होती, आत कुठं भरकटली कळलंच न्हाय. फळ्या निघाल्या त्या एका टोकाला जाडजूड, दुसऱ्या टोकाला पापड. सगळा ओंडका वाया! डोकं धरून अंगणात बसलो.

वखारीत मिळतं ते ओलं हाय, वाळताना वाकंल. घरात आता वाळलेलं एकच, आईचा दारातला बसायचा ठोकळा. आपल्या आबांनी तिला हातानं तासून दिलेला. माझ्यानं तिला इचारवत न्हाय. काय करू सांग.

माया पातळ करू नकोस.
तुझा दादा

सांगवी, १७ जानेवारी

चि. रश्मीस,
अनेक आशीर्वाद. सोबत चौकट पाठवतोय.

आईच्या ठोकळ्याला हात लावू नको, असं तू लिहिलंस. पत्र तिला वाचून दाखवताना मी ती ओळ गाळली, तर तिनं माझ्या तोंडाकडं बघूनच ओळखलं. ठोकळा स्वतः अंगणात ढकलत आणला. हलू नये म्हणून एका टोकावर बसली आणि चिर म्हणाली. करवत जवळ आली तशी सरकत गेली, शेवटी उठली. आता पोत्यावर बसती. खुर्ची दिली तर नको म्हणती.

पोरगी उभी राहिली की लगेच कळव.
तुझा दादा

इंदापूर, १९ जानेवारी

ती. दादास,
सविनय जयभीम. उभी राहिली रे! रडली, मला चावली, पण राहिली. आईला आधी सांग.

उजवी टाच टेकली. डावी अजून अधांतरी हाय, सगळा भार चवड्यावर येतो आणि पोरगी किंचाळते. डॉक्टर म्हणाले, टाचेखाली उतरतं लाकूड द्या, एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला पातळ. पाय सैल पडंल तसं तासत न्या.

दादा, त्या बिघडलेल्या फळ्या चुलीत घातल्यास का? घातल्या न्हायत ना? आजच्या गाडीनं पाठव. आणि जळाल्या असतील तर कुठलंही लाकूड घे आणि परत तसंच चुकव, एकाच अंगाला रेघ मारून.

तुझी रश्मी