बारीक आवाजाच्या लहरी

९ जानेवारी १९७५, आष्टा
मानसिंगमामा फौजेतून रजेवर आले. ते सिग्नलमध्ये हवालदार आहेत. म्हणाले, आकाराम, पुढच्या महिन्यात सांगलीत भरती हाय, नववी चालतीया, वायरलेसला घालू तुला. जायचंच. आवाजाचा मला पाच वर्षांचा अनुभव. नानासोंच्या लाउडस्पीकर सर्व्हिसमध्ये ॲम्प्लिफायरवर मीच बसतो. हॉर्न माझ्या डोक्याशीच बांधलेला असतो.

१० जानेवारी
शास्त्राच्या पुस्तकातून उतरवलं: आवाज म्हणजे कंप. वस्तू कापते, हवा दाबली जाते, सुटते, ती लहर. माइकमध्ये लहरीची वीज होते, हॉर्नमध्ये विजेची पुन्हा लहर. शुद्धलेखन तपासलं. चूक नाही.
गजराचं घड्याळ बंद पडलं. टिकटिक नाही.

१२ जानेवारी
घड्याळ कोंडीबा घड्याळजीकडे नेलं. कानाला लावून म्हणाला, चालतंय की रं. मी विचारलं, मग आवाज कुठाय? त्याने घड्याळ परत माझ्या हातात दिलं. पैसे घेतले नाहीत. आतला एखादा भाग काढून घेतला असणार.

१८ जानेवारी
लग्नाची ऑर्डर. मंगलाष्टकं सुरू झाली आणि एकदम थंडी वाढली. गड्यांनी पटक्याचे शेव कानांवर ओढले, बायकांनी पदर. नवऱ्या मुलाने तर कानांत बोटं घातली. नानासो धावत आले, माइक हॉर्नपासून लांब नेला आणि ओरडले, शिट्टी वाजतीया शिट्टी, भैरा हायस काय? हॉर्नची लहर पुन्हा माइकात शिरली की शिट्टी होते, हे मला पाठ आहे. झाली असती तर सर्वांत आधी मलाच कळली असती.
नानासोंना ओरडायची सवयच आहे. पुढच्या वेळी ऐकून घ्यायचं नाही.

२५ जानेवारी
आई हल्ली शब्दांचे शेवट गिळते. चुलीकडे तोंड असताना जास्तच. तिला समजावलं, लहर तोंडासमोर जोरात जाते, तेव्हा माझ्याकडे बघून बोलत जा. म्हणाली, आरं लेकरा, तीनदा हाक मारली. मग डोळ्यांना पदर लावला. धूर फार झाला होता.

२ फेब्रुवारी
मामांनी सराव घेतला. मला पाठमोरा बसवून ताटलीवर चमच्याने बारीक टकटक केली. मी म्हणालो, चार. मामांनी चमचा खाली ठेवला. मग समोर येऊन म्हणाले, त्या हॉर्नजवळ बसायचं सोड आन आदी डॉक्टरला कान दाखीव. पहिली गोष्ट पटली. आजच काम सोडलं. वायरलेसवाल्याला हे लग्नातलं काम शोभत नाही. नानासो म्हणाले, गड्या, परत येऊ नगंस.
कान भरतीनंतर. घाई नाही.

१० फेब्रुवारी, सांगली
उंची, छाती, धावणं पास. मग कान. डॉक्टरांनी समोरून सांगितलं, मी मागून बोलेन, तेच म्हणायचं. माझ्या आधीच्या मुलाने एकेक आकडा फटाफट म्हटला. मी सावधानमध्ये उभा. डॉक्टर बोललेच नाहीत. बराच वेळ. शेवटी मी वळून नम्रपणे म्हणालो, सर, सुरू करा. डॉक्टरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. दारातून बघणाऱ्या मामांनी तोंड फिरवलं.

११ फेब्रुवारी, आष्टा
मामा आणि आई चुलीपाशी बसले आहेत. दोघांची तोंडं हलतात.
घड्याळ फळीवरून काढून दोन्ही हातांत घट्ट धरलं. तळहाताला टिकटिक लागली. बारीक, पण एकसारखी.
कोंडीबावर उगाच संशय घेतला.